धनगरवाड्यावर शिबिर न्यायचंय, पण तिथं जाऊन आम्ही नक्की करायचं काय?

वेण्णाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मी साताऱ्यात एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. यंदा राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) कार्यक्रम अधिकारी म्हणून माळ माझ्या गळ्यात पडली आहे. म्हणजे जानेवारीत सात दिवसांचं निवासी श्रमसंस्कार शिबिर, सोबत पन्नास पोरं-पोरी.

आधीच्या पाच वर्षांचे अहवाल चाळले. गाव दरवर्षी वेगळं, मजकूर तोच. प्रभातफेरी, श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी पथनाट्य, रात्री शेकोटी. शेवटी 'ग्रामस्थांमध्ये जागृती निर्माण झाली'. कसली जागृती, ते कुठंच लिहिलेलं नाही.

माझ्या मनात जावळीतला, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यापलीकडचा एक गवळी धनगरांचा वाडा आहे. बामणोलीहून लाँच, पुढं चढण. मी तिथं दोनदा जाऊन आले आहे. मुलांनी काही द्यावं, काही घ्यावं, असं वाटतं. प्रस्तावात 'सांस्कृतिक देवाणघेवाण' लिहून मोकळी झाले. आता रात्री झोप लागत नाही, कारण देवाण मला सांगता येतेय, घेवाण सांगता येत नाही.

ज्यांनी अशी शिबिरं केलीत किंवा ज्यांच्या गावात ती झालीत, त्यांनी खरं काय ते लिहा.

भडंग | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५२

घेवाण म्हणजे सातव्या दिवशीचं मटण. पुढचा प्रश्न?

कृष्णाकाठची_सुमी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मी २००९ साली शिराळा तालुक्यातल्या शिबिराला गेले होते. आम्ही शोषखड्डे खणले. आमचा खड्डा दुसऱ्या दिवशी ढासळला, कारण खाली काय भरायचं आणि वर काय, हे सरांनाही ठाऊक नव्हतं. मग शेजारच्या घरातला एक म्हातारा आला, काही न बोलता आत उतरला आणि तासाभरात विटांचे तुकडे, खडी, वाळू असं रचून वर आला. जाताना एवढंच म्हणाला, "आता लिवा, आमी केलं म्हनून."

व्याख्यानं कुणाची होती, एकही आठवत नाही. ज्या घरी जेवायला जायचो तिथल्या आजीनं मला भाकरी थापायला शिकवली. पहिली भाकरी बघून म्हणाली, "ही जतपतूर गेली की गं." तेवढीच घेवाण माझी. घरी आजही भाकरी मीच थापते.

यवतेश्वरी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

वाचतेय. लेक यंदा दुसऱ्या वर्षाला आहे, तिचंही नाव शिबिरात आहे. मुलींच्या अंघोळीची आणि संडासाची सोय आधी बघा, संस्कृती नंतर.

रानगवा | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी वाड्यावरचाच. तुम्ही म्हणता तो नाही, कोयनेच्या अंगाचाच दुसरा. आता कामानिमित्त कराडला असतो. खरं काय ते लिहा म्हणालात, म्हणून लिहितो.

आमच्या वाड्यावर चार वर्षांत तीन कॉलेजं आली. तिघांनीही शाळेची तीच भिंत रंगवली. दुसऱ्यांनी पहिल्यांचा सुविचार पुसून त्यावर आपला लिहिला, तिसऱ्यांनी झाड काढलं. शाळेत तेव्हा पोरं चार. आता तीही खाली आश्रमशाळेत गेली, भिंत मात्र झकास आहे.

व्यसनमुक्तीचं पथनाट्य झालं. बघायला कोण, तर माझी आजी, चुलत्या आणि सहा म्हशी. दारू पिणारे दोघे त्या दिवशी महाबळेश्वराला मजुरीवर होते.

आणि वाड्यापासून लाँचच्या धक्क्यापर्यंतची दीड किलोमीटरची पायवाट, जिच्यावरून आम्ही आजारी माणूस घोंगडीच्या झोळीत घालून उतरवतो, ती कुणालाच दिसली नाही. सगळे तिच्यावरूनच चढून आले होते.

आणखी एक. आजी जात्यावर ओव्या म्हणत होती, एका मुलीनं त्या मोबाइलवर घेतल्या. महिन्यानं मला कुणीतरी रील पाठवलं. आजीचा चेहरा आणि मागं भलतंच संगीत. आजीला दाखवलं तर म्हणाली, "माझा आवाज कुठं गेला?" याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

तरी शिबिर आणू नका असं मी म्हणत नाही. पोरं आली की वाडा आठ दिवस हलता-बोलता होतो, म्हाताऱ्यांना बरं वाटतं. फक्त यायच्या आधी विचारा. तीनपैकी एकानंही 'तुमचं काय काम अडलंय' असं विचारलं नाही. सरपंचाला विचारलं, तो खालच्या गावातला.

भडंग | १० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

मटणाचा विनोद मागे घेतो.

अवांतर_आप्पा | १० नोव्हेंबर, सकाळी १०:१०

धागाकर्तीनं कुठं 'आदिवासी' म्हटलेलं नाही हे बरं, तरी पुढं घोळ होऊ नये म्हणून सांगतो. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती (क) मध्ये येतात, आरक्षण साडेतीन टक्के. अनुसूचित जमातीच्या यादीत ते नाहीत. आपल्या जिल्ह्यात त्या यादीतले म्हणजे प्रामुख्यानं कातकरी आणि डोंगरकडेच्या काही वस्त्या. आंतरराष्ट्रीय पातळीवर 'मूलनिवासी' हा शब्द आणखी निराळा. भारतानं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार मान्य केला आहे, १९८९ चा १६९ नाही.

मेंढका_माणदेशी | १० नोव्हेंबर, सकाळी १०:४०

आप्पा, यादीत नाव नाही म्हणून डोंगर आमचा नाही का? त्या यादीत घ्यायची मागणी किती वर्षांची आहे ते तुम्हाला माहीत नाही असं नाही.

अवांतर_आप्पा | १० नोव्हेंबर, सकाळी १०:४४

मी फक्त यादी सांगितली. बाजू घेतलेली नाही.

मेंढका_माणदेशी | १० नोव्हेंबर, सकाळी १०:४६

यादी सांगणं हीसुद्धा एक बाजूच असते.

संपादक | १० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

आरक्षणावर वेगळा धागा काढावा. इथले पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत.

मिरजेची_सिस्टर | १० नोव्हेंबर, दुपारी २:००

मी आधी वाई-खंडाळा भागात आरोग्यसेविका होते. आप्पांनी कातकऱ्यांचा उल्लेख केला म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. जानेवारीत कातकरी वस्तीवर शिबिर नेलंत, तर बहुतेक झोपड्यांना दार लावलेलं दिसेल. दिवाळी झाली की माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आमची लसीकरणाची यादी याच्यावरच अडायची. कॉलेजचं वेळापत्रक परीक्षेवर चालतं, त्यांचं उचलीवर. एका कॉलेजनं रिकाम्या वस्तीत 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर फेरी काढलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आणि कृपा करून एक दिवसाचं रक्तदाब तपासणी शिबिर ठेवू नका. म्हातारीला 'तुमचा बीपी वाढलाय' सांगून तुम्ही निघून जाता, गोळी आणायला तिनं लाँचनं कुठं जायचं?

निवृत्त_गुरुजी | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

साताऱ्यातच हा प्रश्न पडावा याची गंमत वाटली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एका चुलीवर रांधत आणि एका पंगतीत जेवत. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि छत्रपती शाहूंचं नाव त्या बोर्डिंगाला मिळालं.

मी स्वतः 'कमवा आणि शिका'तला विद्यार्थी. आम्ही शेतात काम केलं, खडी फोडली, म्हशींच्या धारा काढल्या. पण ती सेवा आहे असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही काम करत होतो ते फी भरायला. त्यामुळं कुणी दाता नाही, कुणी याचक नाही. रासेयो १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली आणि मी शिक्षक झाल्यावर पंधरा शिबिरं घेतली. पहिल्या शिबिरापासून मला हा फरक टोचत आला. मुलं टोपी घालून गावात शिरली की त्यांची चालच बदलते.

खोडसाळ | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

गुरुजी, पंधरा शिबिरं टोचत होतं तर सोळाव्याला थांबलात की निवृत्त झालात? (ह.घ्या.)

निवृत्त_गुरुजी | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

निवृत्त झालो. घेतलं हलकं.

वेलिंग्टनची_वहिनी | ११ नोव्हेंबर, पहाटे ४:२०

माहेर सांगली, गेली चौदा वर्षं न्यूझीलंडला. इथं शाळेतली मुलं माओरींच्या, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या 'मराए'वर राहायला जातात. मराए म्हणजे त्यांच्या कुळाचं आवार, सभागृह, स्वयंपाकघर सगळं मिळून. माझ्या लेकाबरोबर मीही गेले होते.

पहिली गोष्ट, फाटकातून कुणी थेट आत जात नाही. पाहुण्यांनी बाहेर उभं राहायचं. आतून एक बाई साद घालते, म्हणजे लांबलचक सूर लावून बोलावते. पाहुण्यांकडची बाई उत्तर देते, मग सावकाश आत जायचं. भाषणं, गाणं, मग नाकाला नाक टेकवून श्वास वाटून घ्यायचा. शेवटी एकत्र जेवण. ते झालं की तुम्ही पाहुणे उरत नाही. म्हणजे काय, तर भांडी घासायला लागायचं. माझ्या लेकानं घरी कधी पेला विसळला नव्हता, तिथं मुकाट्यानं ऐंशी ताटं पुसली. रात्री सगळे त्याच सभागृहात ओळीनं गाद्या टाकून झोपतात आणि म्हातारी माणसं खांबांवरच्या पूर्वजांच्या गोष्टी सांगतात.

दुसरी गोष्ट जास्त आवडली. ओळख करून देताना आपलं नाव शेवटी येतं. आधी माझा डोंगर अमुक, माझी नदी अमुक, माझं कूळ अमुक, मग मी. लेकाला विचारलं तर तो गोंधळला, तुझा डोंगर कुठला म्हणून. शेवटी म्हणाला, 'नदी कृष्णा, डोंगर आईला विचारून सांगतो.' मी दंडोबा सांगितला.

तिथं सगळं गोड आहे असं नाही. माओरी आणि इंग्रजांमधल्या १८४० च्या वायटांगी कराराची भांडणं अजून चालू आहेत, जमिनी गेल्या त्या गेल्याच. पण फाटकाशी थांबायचं, एवढं मुलांना कळतं.

अवांतर_आप्पा | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:००

तिथल्याच व्हांगानुई नदीला २०१७ मध्ये कायद्यानं व्यक्तीचा दर्जा दिला. आपल्या कृष्णेला तो मिळाला तर पहिली तक्रार सांगलीकरांवर करेल.

हळदवाला | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

सांगलीकरांची उलट तक्रार २००५ आणि २०१९ च्या पुराची असेल. फिट्टंफाट.

खोडसाळ | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

वहिनी, छान आहे, पण उद्या आमच्या कॉलेजात 'डोंगर-नदी ओळख स्पर्धा' निघेल आणि तिला प्रायोजक मिळेल. बाहेरून आणलेला विधी इथं चिकटवू नये असं माझं मत.

कृष्णाकाठची_सुमी | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

बाहेरचा कशाला? गोंधळी काय करतो? तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, एकेका ठिकाणचं नाव घेऊन सगळ्यांना आधी बोलावतो, मग आख्यान सुरू करतो. आधी ठिकाणं, मग आपण. आपल्याकडंही ते आहेच, आपण ते फक्त लग्नानंतरच्या एका रात्रीपुरतं ठेवलंय.

मेंढका_माणदेशी | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

कालचा राग गेला. आता अनुभव लिहितो. आमचे मामा जत भागातले, माडग्याळी मेंढरं राखतात. पावसाळा संपला की वाडा हलतो. बिऱ्हाड घोड्यांवर, कोंबड्या वर बांधलेल्या, दोन दिवसांची कोकरं माणसाच्या खांद्यावर. रोज मुक्काम नवीन. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, लेंडी-मूत जमिनीत मुरतं, बदल्यात धान्य नाही तर पैसे.

दोन वर्षांमागं शेतकी कॉलेजची चार पोरं मामांबरोबर तीन दिवस चालली. त्यांच्या सरांनी अट घातली होती, काही शिकवायचं नाही. फक्त वाघूर लावायला, काढायला मदत करायची. पहिल्या रात्री पोरांनी जाळी अशी लावली की पहाटे अर्धी मेंढरं ज्वारीत. भरपाईचं बोलणं मामांनी केलं, पोरं शेजारी मान खाली घालून उभी. मामा म्हणतात, त्या पोरांना मेंढरू त्या दिवशी कळलं.

त्यातला एक अजून फोन करतो. मेंढरू लंगडतंय म्हटलं की औषध सांगतो. हीच देवाण म्हणा.

काळा_कोट | ११ नोव्हेंबर, रात्री १०:००

रानगवा आणि धागाकर्ती, एक ठोस काम सुचवतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात अनुसूचित जमातींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' हाही वर्ग आहे, म्हणजे आप्पांच्या यादीचा अडसर इथं येत नाही. पण त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. वाड्यावर कागद कुठून असणार? बहुतेक दावे इथंच लंगडे पडतात.

मात्र नियमांमध्ये पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब चालतो. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, बांध, घरांची जोती, हेही चालतं. दोन पुरावे तरी लागतात. आता विचार करा, म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेणं आणि त्यांच्याबरोबर हिंडून जुन्या जागा नकाशावर टिपणं. हे श्रमदानही आहे आणि तुमची घेवाणही.

पथ्य एकच. दावा ग्रामसभेचा आणि वनहक्क समितीचा असतो. मुलांनी अर्ज भरायला जाऊ नये, आश्वासन देऊ नये. लिहिलेलं वाचून दाखवायचं, मूळ वही वाड्यावर ठेवायची. जबाब देणारा स्वतः दावेदार असेल तर तो जबाब त्याच्या कामाचा नाही, दुसऱ्याचा लागतो.

रानगवा | ११ नोव्हेंबर, रात्री १०:२५

वकीलसाहेब, हे आम्हाला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आजीला सगळं पाठ आहे. कुणाचं जोतं कुठं, धरणाच्या पाण्याखाली काय गेलं, डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कुठला कूड पडला आणि कुठला राहिला. कारवीचे कूड म्हणून माणसं वाचली म्हणते.

वेण्णाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहायचं धाडस झालं नाही, कारण रानगव्यांचा प्रतिसाद वाचून आमच्या अहवालाची फाइल पुन्हा उघडली. त्यात रंगवलेल्या भिंतीचा फोटो होता. झाड काढलेली.

रविवारी वाड्यावर जाते. मुलांशिवाय, प्रस्तावाशिवाय. विचारून येते.

यवतेश्वरी | १२ नोव्हेंबर, रात्री ९:०५

आणि संडास.

वेण्णाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:०७

आणि संडास.

भडंग | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:००

जाताय तर वनराई बंधाऱ्याचंही विचारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढा अडवायचा असेल तर तो वाहता असताना, दिवाळीच्या मागंपुढं. आमच्या कॉलेजनं जानेवारीच्या अखेरीस कोरड्या ओढ्यात बांधला होता. उद्घाटनाला टँकर आणला. खरंच. विनोद नाही.

(मध्ये दोन महिने धागा शांत.)

वेण्णाकाठ | २३ जानेवारी, रात्री १०:१५

धागा वर काढते. शिबिर झालं. कसं झालं ते लिहिणं लागतं.

नोव्हेंबरात गेले तेव्हा वाड्यावरच्यांनी तीन कामं सांगितली. धक्क्यापर्यंतची वाट, झऱ्यावरचं टाकं उपसणं आणि वरच्या पडळीत साठवलेलं गवत खाली आणणं. भिंतीचं नाव कुणी काढलं नाही. पन्नास मुलांचा भार वाड्याला झेपणार नाही, असंही एका काकूंनी तोंडावर सांगितलं. मग तीस मुलं खालच्या गावात राहिली आणि वीस आळीपाळीनं वर. मुलींसाठी खालच्या शाळेतले संडास दुरुस्त करून घेतले, तोच आमचा पहिला दिवस. (यवतेश्वरी, तुमची लेक त्या टोळीची मुकादम होती.)

वाट पूर्ण झाली नाही. दीड किलोमीटरपैकी जेमतेम चारशे मीटर. कोसळणारा तुकडा दगड रचून बांधला, पण रचायला वाड्यावरचे दोघं होते, मुलं दगड वाहत होती. तिसऱ्या दिवशी एक मुलगा घरी गेला. दोघांच्या हाताला फोड आले. गवताचे भारे डोक्यावर घेऊन उतरताना आमच्या खेळाडू मुलांची जी दैना झाली ती साठीच्या बायकांनी बसून पाहिली आणि मनसोक्त हसल्या. चुकलं तेही सांगते. टाकं उपसताना आम्ही झऱ्याच्या तोंडाची चिखलाची आड मोडली. ती मुद्दाम घातलेली होती, गाळ अडवायला. एक दिवस म्हशींना खाली पाण्याला न्यावं लागलं.

वाड्याच्या तोंडाशी मुलं थांबली. वहिनींचं ऐकून थांबवलं होतं, पण कुणी साद वगैरे घातली नाही. दहा मिनिटं सगळे एकमेकांकडं बघत उभे. मग आतून एक आजी ओरडल्या, "उन्हात का उभी ऱ्हायलीत, पाय मोडलं का?" तेच आमंत्रण धरलं. ओळख डोंगर-नदीनं केली. एका मुलानं 'डोंगर अजिंक्यतारा, नदी वेण्णा' म्हटल्यावर आजी म्हणाल्या, वेण्णा आमच्या पल्याडच्या डोंगरातनं येती, म्हंजे तू आमच्या खालच्या अंगाचा.

जबाबांचं काम दुपारी. मोबाइल एका डालग्यात ठेवले, वही-पेन फक्त. काळा कोट यांनी सांगितलं तसं, त्यांच्या शब्दांत. आता माझ्या विषयातली गोष्ट. माझ्याकडचा सर्वेक्षणाचा नकाशा मी बरोबर नेला होता. वाड्यामागच्या उतारावर त्यात समोच्च रेषा आहेत, नाव एकही नाही. त्याच उतारावर आजींनी एकोणीस जागांची नावं सांगितली. गव्याचं पाणी, बाळंतिणीचा दगड, सासू-सुनेची खाच. प्रत्येक नावामागं काहीतरी घडलेलं. मुलं त्यांच्या मागं चढत होती आणि धापा टाकत लिहीत होती. वीस वर्षं मी समोच्च रेषा शिकवते आहे. असो.

ओव्या झाल्या. ध्वनिमुद्रण केलं नाही. एका मुलीनं विचारलं, तर आजी म्हणाल्या, "पाठ कर की." तिनं चार पाठ केल्या, पाचवी चुकली.

वरिष्ठांना बौद्धिक हवंच होतं. म्हणून एका दिवशीचे व्याख्याते म्हणून आजींचंच नाव घातलं, विषय 'स्थानिक भूगोल'. मानधनाचं पाकीट इतरांना तेवढंच. हिशेबाच्या टेबलावर विचारलं, पदवीच्या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं, रेघ मारा.

निवृत्त_गुरुजी | २३ जानेवारी, रात्री १०:४०

सोळावं शिबिर असं घेतलं असतं.

अवांतर_आप्पा | २३ जानेवारी, रात्री १०:४८

ती एकोणीस नावं वाड्यावर विचारून इथं टाकता येतील का? नाही म्हणाले तर नको.

खोडसाळ | २३ जानेवारी, रात्री ११:०२

आप्पा विचारून घ्यायला लागले! शिबिर यशस्वी.

रानगवा | २४ जानेवारी, सकाळी ६:५५

मॅडम, त्या वाड्यावर माझी आत्या दिली आहे. फोनवर म्हणाली, पोरं कामाला कच्ची पण खायला चांगली. झऱ्याची आड पुन्हा घातली त्यांनी, काळजी नको. उरलेली अकराशे मीटर वाट कोण करणार?

वेण्णाकाठ | २४ जानेवारी, सकाळी ७:३०

मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, पावसाच्या आधी. तासही धरले जाणार नाहीत आणि गुणही मिळणार नाहीत, हे सांगितलंय. तरी अकरा जणांनी नावं दिलीत. आमच्या वाड्याची झाली की तुमच्याही वाटेचं विचारायचं होतं.

रानगवा | २४ जानेवारी, सकाळी ७:४१

मी विचारून सांगतो.

भडंग | २४ जानेवारी, सकाळी ८:१५

मेमध्ये मीही येतो. दगड वाहीन. जेवायला काय असतं?

रानगवा | २४ जानेवारी, सकाळी ८:२०

वरीचा भात आणि ताक. मटण तुम्ही आणा.